संध्याकाळ कशी घालवतोस

पत्र आलं तेव्हा थंडी सुरू व्हायची होती आणि आता पंखा लावावा लागत होता. मधल्या काळात मुद्रितशोधकाने ते इतक्यांदा वाचलं होतं की घडीवर कागद फाटायला आला होता. उत्तर मात्र दिलं नव्हतं.

पत्र जुळाऱ्याचं होतं. दोघांनी एकाच छापखान्यात उभा जन्म काढला. त्याने खिळे जुळवायचे, याने चुका काढायच्या आणि मग त्याने शिव्या घालायच्या. शेवटच्या तपासणीनंतरही याचा हात सहीपाशी अडे, म्हणून जुळाऱ्याने याचं नाव शंकासुर ठेवलं होतं. पुढे छापखाना बंद पडला, जुळारी दुसऱ्या गावी राहायला गेला. बायको वारल्यावर त्याने लिहिलं होतं, ‘शंकासुरा, दिवस कसाही जातो, संध्याकाळ जात नाही. तू तर जन्माचा एकटा. तू कशी घालवतोस, कळव. उन्हाळा लागला की मुलाकडे जाईन, कायमचाच. तोवर इथे आहे.’

शंकासुर तेव्हाच सांत्वन लिहायला बसला होता. ‘काळ हेच औषध’ लिहिलं, खोडलं. ज्याने संसार मांडलाच नाही, त्याने संसार मोडलेल्याला काय शहाणपण शिकवावं? असं करता करता उशीर झाला. मग उशिराची माफी मागायची, तर तिलाही शब्द हवेत. मग उन्हाळाही लागला. मुलाचा पत्ता त्याच्याकडे नव्हता.

भाची अधूनमधून डोकावून जायची. तिनेच मागे एक वही आणून दिली होती.

‘मामा, तोंडाला कुलूप घालून बसतोस, निदान वहीत तरी बोल. रोज काय बरं वाटलं ते लिहायचं. आभार मानायचे.’

‘कुणाचे?’

‘कुणाचेही. नळाचे मान.’

तिचं मन मोडवेना, म्हणून तो लिहू लागला. आज तिने वही उघडली आणि मोठ्याने वाचलं, ‘चहा बरा झाला. साखर कमी. समोरच्या शिंपिणीने खिडकीतून हात केला. बहुधा खालच्या कुणाला तरी.’

‘हे आभार की तक्रारवही रे?’

‘सवय गं. जन्मभर चुकाच पाहिल्या.’

ती हसत पानं उलटत गेली. ‘जिन्यातून कुणीतरी शीळ घालत उतरलं. दाराआड उभं राहून शेवटपर्यंत ऐकली.’ ‘दिवा उशिरा लावला. अंधारताना खोली कमी रिकामी दिसते.’ ‘कुणी आलं नाही. दुसरी खुर्चीही पुसली.’

तिचं हसू मावळलं. उगाच काहीतरी करायचं म्हणून ती टेबल आवरू लागली, तर शब्दकोशाखालून पत्र निघालं.

‘हे वाचू?’

त्याने मान हलवली. तिने वाचलं.

‘उत्तर दिलंस?’

‘सांत्वनाला शब्दच सापडेनात.’

‘पण सांत्वन मागितलंय कुठे त्यांनी?’ तिने कागद त्याच्यासमोर धरला. ‘संध्याकाळ कशी घालवतोस, एवढंच विचारलंय. ते तर तू रोज लिहितोयस.’

त्याने चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पत्रातला काना न् मात्रा त्याला पाठ होता. प्रश्न तेवढा वाचायचा राहिला होता.

ती गेल्यावर त्याने कागद घेतला. ‘माझीही संध्याकाळ जात नाही,’ असं पहिलंच वाक्य लिहिलं. मग शीळ, शिंपीण, पुसलेली खुर्ची, सगळं ओळीने उतरवलं. खाली लिहिलं, ‘नव्या घराचा पत्ता कळव. मी उद्याच्या संध्याकाळचंही लिहीन.’

कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी त्याचे पाय थबकले. जुळारी मुलाकडे निघूनही गेला असला तर? आणि अजून तिथेच असला, पण वाचून हसला तर?

मागे एक बाई हातात पाकिटं घेऊन उभी होती. ‘आजोबा, टाकताय ना?’

‘हो, हो,’ तो ओशाळून म्हणाला, आणि त्याने पत्र टाकलं.