सान्वीचा फॉर्म

आठ वर्षांच्या सान्वीला एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा त्रास, आहे का, हे बघायला हाटकेश भागातल्या डॉक्टरांनी प्रश्नांचा फॉर्म दिला होता. दिवसभर तिला सांभाळते आजी, म्हणून तिची आई स्वप्नाली सासूबाईंना विचारून खुणा करत होती. शेवंतीबाई मात्र सोयरीक जुळवायला बसल्यासारखी उत्तरं देत होत्या.

"वस्तू हरवते?"

"छे!"

"काम अर्धवट सोडते?"

"आमची पोर? कधीच नाही!"

आमची पोर तेव्हा एकाच पायात मोजा घालून, दुसरा शोधता शोधता खिडकीतल्या कबुतराशी गप्पा मारत बसली होती. असा फॉर्म गेला तर शाळेत तिला 'आळशी' म्हणणं काही थांबायचं नाही. स्वप्नाली हळूच म्हणाली, "आई, हे कधीकधी घराण्यातून येतं म्हणे. माझा भाऊ लहानपणी अस्साच होता."

शेवंतीबाई ताठ बसल्या. "तरीच! खोड ते सगळं. डबा रोज शाळेत विसरते, लिही. चौथ्या हाकेला ओ देते, लिही. तुमच्याकडचंच गं हे!"

"हो ना, आई," म्हणत स्वप्नाली भराभर लिहीत सुटली. नवरा स्वतःच्या साखरपुड्याला अंगठी घरी विसरून आला होता, ते उद्या डॉक्टरांनाच सांगायचं तिने ठरवलं.