काचेचं कापड

गोधडीचा टाका न् टाका उसवून बनुबाईने ती अंगणात पसरली, तरी खाजकुयलीचं एक कूससुद्धा हाती लागलं नाही. शेजारची बिबीजान भिंतीवरून बघत होती.

"काय गं बनुबाई, सोनं पुरलं हुतं का गोधडीत?"

"सोनं कुठलं. सुनेची करनी हुडकतीय."

बनुबाईचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल झाले होते. कडुनिंबाचा पाला झाला, हळद झाली, पीर झाला, तरी खाज हटेना. मुलगा रंगनाथही मान खाजवायचा, पण तो दिवसभर पत्र्याच्या शेडमध्ये राबणारा, त्याचं घामोळं वेगळं. सून विजयमाला मात्र धडधाकट. अंगावर पुरळ नाही की डाग नाही. लग्नाला वर्ष झालेलं नाही आणि सासूच्या अंगाची आग व्हावी, हे आपोआप होतं होय? राहात्याला माहेरच्या बांधावर खाजकुयलीचे वेल आहेत, हे विजयमालानेच एकदा हसत हसत सांगितलं होतं. बनुबाईने ते तेव्हाच गाठीला बांधून ठेवलं होतं.

एकाहत्तरची लढाई संपून दुसरं वर्ष लागलं होतं. भिंगारच्या अलीकडे लष्कराच्या गाड्यांवर साहेबलोक नाना प्रयोग करत, तिथे रंगनाथ कामाला होता. काय करतोस म्हणून विचारलं की तो म्हणे, "गाडी हलकी करायच्या मागं हायेत साहेब."

"लोखंडाची गाडी हलकी कशी हुईल? तुझंच डोकं हलकं झालंय."

बाहेर बोलायचं नाही, असं त्याला बजावलेलं होतं आणि बजावलेलं ऐकण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

संध्याकाळी तो आला की अंगातला सदरा काढून वळणीवर टाकी आणि बनुबाई तो लगेच ओढून घेई. मालक गेल्यापासून पोराचे कपडे तिनेच धुतले होते. दगडावर घासून, मुठीत चोळून, कॉलर नखाने खरवडून. पोराचं लग्न लावून दिलं म्हणून त्याचे सदरे काही आंदण दिले नव्हते.

"आत्याबाई, त्यांचे कामाचे कपडे तेवढे मी धुते," विजयमाला पुन्हा पुन्हा म्हणायची.

"का, माझे हात मोडले? आज सदरा मागतीस, उद्या पगार मागशील, मग येगळी चूल."

गोधडीत काही सापडलं नाही म्हणून बनुबाईचा संशय कमी झाला नाही, उलट वाढला. ज्या अर्थी सापडत नाही, त्या अर्थी फार हुशारीने लपवलंय. रात्री जेवायच्या वेळी तिने सरळच विचारलं, "खाजकुयली कुठं ठेवलीस?"

विजयमालाने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने ताटातल्या भाकरीकडे पाहिलं.

"म्यां काय बी ठेवलं न्हाई, आत्याबाई."

"मंग मला एकटीलाच का?"

विजयमाला उठून चुलीकडे वळली. बनुबाईच्या लेखी तोच कबुलीजबाब झाला. निरोप गेला, राहात्याहून सुनेचा भाऊ छगन तिला न्यायला आला. निघताना पोरीने पाया पडून एवढंच म्हटलं, "हाताला खोबरेल लावा. चोळू नका."

"आग लावून वर पानी घेऊन आली," असं बनुबाई तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बिबीजानला म्हणाली.

सून गेली. खाज गेली नाही. बनुबाईने उंबऱ्याखाली उकरून पाहिलं, उशी फोडली, धान्याचे डबे उपसले. मग एका संध्याकाळी, ऊन तिरपं झालं असताना, तिने रंगनाथचा सदरा धुण्याआधी झटकला आणि ती तशीच थांबली. त्या उन्हात बारीक बारीक काहीतरी लुकलुकत खाली येत होतं. बांगडी कुटून भुगा उडवावा तसं. सकाळी हाच धुतलेला सदरा तिने स्वतः घडी घालून त्याच्या हातात दिला होता. राहात्याहून इथवर काही कोणाचा हात पोचत नाही.

"रंग्या, भाईर ये. हे काय हाय?"

रंगनाथने पाहिलं आणि मान खाली घातली. "काच हाय, आये."

"काच?"

"काचेचा धागा काढत्यात. त्येचं कापड असतं. एक कापड घालायचं, वर राळ वतायची, पुन्ना कापड, पुन्ना राळ. वाळलं की असं टनक हुतं, हातोडा मारला तरी पोचा येत न्हाई. अख्खा दरवाजा येक मानूस बगलेत मारून नेतो. पन कानसायला घेतलं की कूस उडतं. शेडमध्ये समद्यांनाच खाजतंय."

बनुबाईने सदऱ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. "आन् विजयमालाला म्हाईत हुतं?"

"तिनं पयल्याच आठवड्यात इचारलं. म्यां सांगितलं, पन शपथ घातली, कुठं बोलू नको म्हनून. तुला कळलं तर बिबीजानला कळंल, बिबीजानला कळलं तर समद्या भिंगारला."

"म्हनून ती सदरा मागायची."

"व्हय."

"बायकोला दारातनं घालवली मी, आन् तू भाकरी मोडत बसलास. गाडी हलकी करतोय म्हनं. तिच्या आदी तूच हलका झालास की रं."

दुसऱ्या दिवशी बनुबाई एकटीच एस्टीत बसली. सुनेला आणायला सासूने स्वतः जावं, हे तिच्या घराण्यात कधी घडलं नव्हतं. राहात्याच्या दारात विहीण कडूबाई आडवी उभी राहिली. "या" म्हणाली नाही, बाजूलाही झाली नाही.

"आता काय हुडकायचं ऱ्हायलंय?" तिने विचारलं.

बनुबाईने वाटेत चार उत्तरं जुळवून ठेवली होती, एकापेक्षा एक झणझणीत. त्यातलं एक निवडेपर्यंत आतून विजयमाला आली, आईच्या खांद्यावरून तिने बघितलं. सासूचं तोंड नाही, आधी हात बघितले. मग आत गेली आणि खोबरेलाची वाटी घेऊन आली.

"बसा, आत्याबाई."

बनुबाई ओट्यावर बसली. पदर मागे सारून तिने कासारापुढे धरावा तसा हात पुढे धरला. मालक गेल्यापासून असा हात तिने कोणापुढे धरला नव्हता.