तीन ठिकाणी ठेवलेला आवाज

"पेनड्राइव्ह आणलाय का सोबत?" इंद्रजीतनं सख्ख्या बहिणीला उंबऱ्यातच विचारलं.

विशाखाच्या काखेत कलिंगड होतं. उस्मानपुऱ्याहून मुकुंदवाडीपर्यंत बिचारी रिक्षात भाजून निघाली होती. "आधी पाणी तर विचार की रं दादा. चोर हाय का मी?"

"चोर कोण म्हणायलंय? नुसतं इचारलं."

असा हा गडी. दूधवाल्यासमोर दुधात बोट बुडवून बघणार, गॅसची टाकी आली की वजनकाटा शोधत फिरणार, लग्नाच्या पंगतीत चपला डोळ्यांसमोर ठेवून जेवणार. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात तो कॉम्प्युटर सांभाळायचा. तिथं संशय घेण्याचाच पगार मिळतो, असं म्हणायचा. मिळत असेल बाबा! पण माणसानं संशय कारखान्याच्या फाटकावर ठेवून घरी यावं. हा डब्यासोबत तोही घेऊन यायचा.

अलीकडे तर त्याचा सगळा जीव आतल्या खोलीतल्या कपाटात अडकला होता, कारण तिथं त्याच्या आईचा आवाज होता. दगडाबाईनं शाळेचं तोंड बघितलं नाही, पण गाणी स्वतः जुळवायची. भीमजयंती आली की सिल्लोडपासून खुलताबादपर्यंत तिला बोलावणी असायची. पुढं घशाच्या कॅन्सरात डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं. जीव वाचला, आवाज गेला. मागं उरल्या जुन्या कॅसेटी. गुलमंडीतल्या एका म्हाताऱ्या दुकानदारानं त्या कॉम्प्युटरवर उतरवून दिल्या. बुरशी लागलेल्या पट्ट्या कशाबशा एकदा वाजल्या आणि तुटून पडल्या. दुकानदारानं स्वतःपाशी एक प्रत ठेवली होती. इंद्रजीतनं त्याच्या उरावर बसून ती पुसायला लावली.

"चौदा तारखेला वस्तीत मायचं विहिरीचं गाणं वाजवायचंय. मायची लई इच्छा हाय," विशाखा म्हणाली. कोपऱ्यात बसलेल्या दगडाबाईनं मान हलवली. ज्या स्टेजवर उभी हयात गायली, त्याच्यासमोर बसून एकदा स्वतःला ऐकायचं, एवढंच तिला हवं होतं.

"फाइल मिळणार नाय. तुझा नवरा डीजेवाला. आज मायचं गाणं, उद्या त्याच्याखाली ढँग ढँग, परवा कुण्या भलत्याच्याच नावावर."

"आमच्या काकासाहेबांनी तुझं काय खाल्लं रं? आन् कपाटातलं हे डबडं उद्या बंद पडलं तर?"

"बंद पडंल कसं?" इंद्रजीत खुलला. त्यानं कपाट उघडलं. आत एकच दणकट जुना कॉम्प्युटर गरगरत होता. त्याच्या पोटात सॉफ्टवेअरनं बनवलेला दुसरा कॉम्प्युटर होता आणि त्या दुसऱ्याच्या पोटात आणखी तीन. डोळ्यांना एकही दिसत नाही, पण वागतात अगदी खऱ्यासारखे. त्या तिघांची मिळून एक तिजोरी. गाणं टाकलं की तिघांकडं एकेक प्रत. त्यानं गाणं लावलं आणि मध्येच तिघांतला एक बंद केला. गाणं अडखळलंसुद्धा नाही.

"बघितलंस? एक मेला तरी दोघं जिवंत. चौदाला मशीन मीच घेऊन येतो, माझ्या हातानं वाजवतो. कुणाच्या हातात द्यायचं नाय म्हणजे नाय."

विशाखा सुरी घेऊन बसली. कलिंगड कापून सगळ्यांना दिलं, आईचे केस विंचरले आणि निघून गेली.

जयंतीच्या सकाळी इंद्रजीतनं पांढरा सदरा घातला, कपाट उघडलं आणि तो जागीच थिजला. पडद्यावर त्या तिघांचे तिन्ही दिवे लाल होते.

एक मेला असता तर समजलं असतं. तिन्ही एकदम? त्याचा हात सरळ फोनकडं गेला. "विशाखा, खरं सांग. त्या दिवशी कशाला हात लावलास? नवऱ्यानं शिकवून पाठवलं व्हतं व्हय?"

पलीकडून फोन कट झाला.

मशीन खोलल्यावर त्याला आठवलं. सुरुवातीला डिस्का तीन होत्या, तिघांना तीन वेगळ्या. जुन्या बाजारातल्या. पण विकणाऱ्याची नजर त्याला बरी वाटली नव्हती, म्हणून त्यानं त्या काढून, फोडून टाकल्या आणि तिघांचं बिऱ्हाड एकाच नव्या कोऱ्या डिस्कवर हलवलं. सील त्यानं स्वतः फोडलं होतं ना! तात्पुरतंच होतं, दोन नव्या पगारावर घेणार होता. पण पडद्यावर रोज तीन हिरवे दिवे दिसायचे, आणि साऱ्या जगावर संशय घेणारा हा शहाणा त्या तीन दिव्यांवर डोळे झाकून विसंबला. उन्हाळ्यात कपाट तापलं, ती एक डिस्क मेली आणि तिच्यासोबत तिन्ही प्रती गेल्या.

डिस्क दुरुस्त करणाऱ्या ज्या दुकानाची त्यानं एरवी कधी पायरी चढली नसती, तिथं तो डिस्क घेऊन धावला, हाता-पाया पडला. त्यांनी तपासून नकारार्थी मान हलवली. गुलमंडीच्या म्हाताऱ्याला फोन केला. "तुम्हीच तर पुसवलं साहेब," म्हातारा म्हणाला.

संध्याकाळी घरी आला तर दगडाबाई नवं पांढरं लुगडं नेसून तयार बसलेली. तिला काय सांगावं? तो तिच्या पायापाशी बसला आणि लहान लेकरासारखा रडला. "माय, माझ्यापायी गेलं गं सगळं."

दगडाबाईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

दारात विशाखा उभी होती. कधी आली, कुणास ठाऊक. "दादा, वरडू नको," म्हणत तिनं मोबाइल पुढं केला. "दिवाळीला तू आत गाणं लावलं व्हतंस, तवा मी स्वयंपाकघरातनं चोरून घेतलं. येवढंच हाय."

तिनं लावलं. कुकरच्या शिट्टीमागून दगडाबाईचा आवाज आला, भरदार, विहिरीच्या पाण्यावर हक्क सांगणारा. दोन कडवी झाली. तिसऱ्या कडव्यात इंद्रजीतचा आवाज कडाडला, "दार कुणी उघडं ठेवलं? लावा ते! भाईर कुणी रेकॉर्ड करंल!" आणि सगळं थांबलं. घाबरून तिनं तिथंच मोबाइल बंद केला होता.

"तुझं वरडणं कापून टाकते," विशाखा हळूच म्हणाली.

"नको. माझ्या आवाजाखाली माय हाय."

रात्री वस्तीत काकासाहेबांच्या मोठ्या स्पीकरवर ते गाणं जसंच्या तसं लागलं. कुकरच्या शिट्टीला पोरं हसली, मग सगळे गप्प झाले. म्हाताऱ्या बायांनी पदर डोळ्यांना लावले. इंद्रजीतचं ओरडणं आलं तेव्हा अख्खा मांडव खो खो हसला. इंद्रजीत मान खाली घालून उभा राहिला.

हसू ओसरलं तरी टाळ्यांचा ठेका चालूच होता. पहिल्या रांगेत दगडाबाई गाण्याच्या लयीत टाळ्या वाजवत होती. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. तिचं कडवं अजून संपलं नव्हतं. इंद्रजीतनं काकासाहेबांच्या हातातला माइक मागून घेतला, आईसमोर गुडघे टेकले आणि कडवं संपेपर्यंत तो तिच्या हातांजवळ धरून ठेवला.