माग जागे होईनात

खंडेनवमीला विणकरांच्या वडगावात कुणी मागाला हात लावत नाही. आदल्या दिवशीच माग झाडूनपुसून, तेलपाणी करून ठेवतात, आणि एकदा का हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, की दसऱ्याला नारळ फुटेपर्यंत ते यंत्र म्हणजे देव. जोतिबाअण्णांच्या घरी कॉम्प्युटरलाही तीच शिस्त होती. कीबोर्डवर कुंकवाचं बोट, मॉनिटरला माळ, माऊसवर जास्वंदीचं फूल.

नवमीला नीला त्याच कॉम्प्युटरसमोर बसली होती आणि तिचं काम अर्धवटच राहिलं होतं.

नीला टिळकवाडीतली, पॉलिटेक्निकात शिकवणारी. माग कॉम्प्युटरवर आले तेव्हा वडगाव-शहापुरातली किती घरं तिला बोलवायची! सुट्टी आली की स्कूटर काढायची आणि कुणाची अडलेली नक्षी सोडवायची. मग एकेक घर बंद पडत गेलं. राहिलं एवढं अण्णांचं. चार माग, आणि ते चालवणारी दोन म्हातारी माणसं, अण्णा आणि मालुबाई. सोडून द्यावं असं नीलाच्या मनात कितीदा तरी यायचं, पण मालुबाईंच्या हातचा चहा पिऊन ते सांगायचं कसं?

प्रत्येक मागाला नक्षी उठवणारी एक छोटी पेटी होती. सुताची धूळ पेट्यांमधल्या डिस्क खाऊन टाकायची, म्हणून नीलानं त्या काढूनच टाकल्या होत्या. पेटी जागी झाली की तिला लागणारं सगळं बाहेरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरून वायरीनं घ्यायची. गेल्या महिन्यात एक पेटी जळली. नव्या पेटीला जुना कर्नेल चालेना. कर्नेल म्हणजे यंत्राचा गाभा, सगळ्यांत आधी डोळे उघडतो तो. तो नवा बनवायचा म्हणजे शेकडो प्रश्नांना उत्तरं द्यायची. हे हवं का? ते हवं का? आत बसवू, की बाजूला ठेवून लागेल तेव्हा घेऊ?

नेटवर्कवरच्या फाइली आणणाऱ्या भागापाशी हाच प्रश्न आला. नीलाचे डोळे चुरचुरत होते. 'बाजूला ठेव,' तिनं सांगितलं. तेवढाच गाभा हलका. मग घरात कालच साफसफाई झाली होती, त्याच भरात तिनं जुना कर्नेलही पुसून टाकला. आता पेट्या एकदा चालू करून बघायच्या, एवढ्यात मालुबाई तबक घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"नीलाक्का, हात काढ गं. पूजा मांडायची हाय."

'पाचच मिनिटं' म्हणायला तोंड उघडायला हवं होतं. ते तिनं उघडलं नाही. थकली होती, दुसरं काही कारण नाही.

आणि नेमकं यंदाच अण्णांनी दसऱ्यावर पैज लावल्यासारखं केलं होतं. त्यांचा पुण्यात राहणारा मुलगा, सायराज, फोनवर एकच घोकत होता, माग विका आणि इकडं या. अण्णांनी त्याला सांगून टाकलं, "दसऱ्याला चारी माग चालले तर ऱ्हातील. न्हाय चालले तर देवाचीच मर्जी. टेम्पो बोलीव." कोगनोळी नाक्याच्या पलीकडचा, महाराष्ट्रातला, माग विकत घेणारा ठरलेलाही होता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो येणार होता.

दसऱ्याला सकाळी मालुबाई नारळ घेऊन उभ्या, अण्णा नवा फेटा बांधून बाकावर. नीलानं बटण दाबलं. चारही पेट्यांच्या पडद्यांवर अक्षरं भराभर धावली आणि एका ओळीशी थांबली. मूळ फाइली सापडत नाहीत. पुढं काही नाही.

 वाचताक्षणीच नीलाला आपली चूक कळली. फाइली आणणारा भाग तिनं बाजूला ठेवायला सांगितला होता. पण बाजूला म्हणजे कुठं, तर ह्याच कॉम्प्युटरवर, वायरीच्या ह्या टोकाला. तो भाग आणायला तोच भाग हवा होता. कोठीची किल्ली कोठीतच ठेवून बाहेरून कुलूप घातलं होतं शिकवणाऱ्या बाईंनी. वर्गात हे कुणी केलं असतं तर तिनं त्याला दाराबाहेर उभं केलं असतं.

"काय झालं?" मालुबाईंनी विचारलं.

"माझं चुकलं. परत बनवायला लागेल. वेळ जाईल."

"निवांत कर," बाकावरून अण्णा म्हणाले. "दसरा हाय. आख्खा दिस मुहूर्तच."

माळ बाजूला सारून नीला पुन्हा त्या प्रश्नांत शिरली. 'बाजूला' पुसून 'आत' केलं. तसा खाली एक नवाच प्रश्न उगवला, मूळ फाइलीसुद्धा नेटवर्कवरूनच घ्यायच्या का? काल हा दिसलाच नव्हता. वरचं उत्तर चुकलं, की खालचं दार दिसतच नाही. तिनं 'हो' सांगितलं. म्हातारा कॉम्प्युटर कण्हत कामाला लागला. मालुबाई मधूनमधून डोकावत, नारळ या हातातून त्या हातात घेत. नीलाला वाईट वाटत होतं ते त्यांचंच. आपल्या आळसापायी या बाईचे माग उद्या टेम्पोत चढणार.

दुपार कलली तेव्हा पडदे एकेक करून उजळले. चारही. नक्षीत पदरावरचे मोर जिथल्या तिथं.

"अण्णा, लागले!"

"चारीबी?"

"चारीबी."

"बरं झालं," अण्णा म्हणाले. गुडघ्यावर हात दाबून उठायला गेले आणि तसेच परत खाली बसले.

नीलानं त्यांच्याकडे पाहिलं. एक धागा चुकला तरी तिला फोनवरून झापणारा हा माणूस. सकाळपासून त्यानं एकदाही घाई केली नव्हती. तिला एकदम राग आला, त्यांचाही आणि स्वतःचाही.

"अण्णा, तुम्हाला बंदच करायचेत ना?"

"हळू बोल गं. मालू ऐकंल."

"मग त्यांना सांगत का नाही?"

"कसं सांगू? लगीन होऊन आली तवापास्नं मागावर हाय ती. मी दमलो म्हनून तिचं हात बांधू व्हय? देवानंच न्हाय म्हटलं असतं तर तिला सोसलं असतं."

"देव कुठला? माझी चूक होती ती."

इतक्यात मालुबाई आत आल्या. "लागलं व्हय?"

नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण खोटं बोलायचंही त्राण नीलात उरलं नव्हतं. "लागलं," ती म्हणाली. "पण अण्णांना तुमच्याशी बोलायचंय."

अण्णांनी मान खाली घातली. "मालू, बस जरा. मला आता हुईना झालंय गं."

मालुबाई उभ्याच राहिल्या. मग बाकावर त्यांच्या शेजारी टेकल्या, नारळ मांडीत धरून. 

"मलाबी हुईना झालंय," त्या म्हणाल्या. "पर तुमी रोज उठून मागाकडं जायचासा. तुमास्नी वाईट वाटंल म्हनून मीबी उठायची."

अण्णा त्यांच्याकडे बघतच राहिले. नीलाला तिथून उठून जावंसं वाटलं. डोळे भरून आले होते आणि ते पुसायचाही तिला कंटाळा आला.

मालुबाईच आधी उठल्या. "आक्कानं येवढं रगत आटवून माग उठीवल्यात. आजचा दिस चालू द्यात." त्यांनी उंबऱ्यावर नारळ फोडला. चारही माग खडखडत एकदम सुरू झाले.

संध्याकाळी सोनं वाटायला निघण्याआधी नीलानं एकेक पेटी नीट बंद केली. शेवटचा माग थांबला तशी मालुबाईंनी चारही मागांना पुन्हा हळदकुंकू वाहिलं, आणि अण्णांनी टेम्पोचं सांगायला सायराजला फोन लावला.