अर्धा कोयता

जरा जवळ सरकून बसा, मायबाप. ही कथा टाळ बाजूला ठेवून हळू आवाजात सांगायची आहे.

नगरच्या दवाखान्यात डॉक्टर रश्मीताईंनी खोलीचं दार लावून घेतलं आणि त्याची मूठ धरली.

“एचआयव्हीचा विषाणू आधी पेशीच्या दाराची अशी मूठ धरतो. तेवढ्यानं दार उघडत नाही. मग तो कडी शोधतो. कडी निघाली की त्याचं आवरण पेशीच्या आवरणात मिसळतं, अन् तो आत. पण सगळ्यांची कडी एक नसते. कुणी वरची काढतो, कुणी खालची.”

बाकावर जालिंदर आणि भागिरथी बसले होते. तिसगावचे ऊसतोडे, टोळीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता.

“नवं औषध वरच्या कडीला कुलूप घालतं. भागिरथीबाई, तुमचा विषाणू वरच्याच कडीनं येतो. जालिंदर, तुमचा आता खालची काढायला शिकलाय. तुम्हाला हे लागू पडणार नाही. दुसरं शोधतेय, वेळ लागेल.”

“माझा बेरकीच निघायचा,” जालिंदर हसला. हसू खोकल्यात गेलं.

“आधीच्या गोळ्या वाया कशा गेल्या?” रश्मीताईंनी विचारलं.

भागिरथीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

“मी दवाखान्यात गेले असते तर टोळीत बोभाटा झाला असता. ह्यांच्यातलीच अर्धी घ्यायचे. आमी एकच कोयता, ताई. भाकर बी अर्धी-अर्धीच खातो.”

“अर्ध्या गोळीनं तो मरत नाही, शहाणा होतो. आता अर्धी केलीत तर हेही औषध हातचं जाईल.”

सांजेला भागिरथीनं देवापुढं दिवा लावला. नव्या औषधाची गोळी कोयत्याच्या धारेखाली धरून दाबली. एक तुकडा नवऱ्यापुढं सरकवला.

“अगं, डॉक्टरीण काय म्हनली?”

“म्हनू द्या. मला एकटीला गिळवत न्हाई.”

जालिंदरनं तो तुकडा उचलला. तिच्या हातातलाही काढून घेतला. प्रसाद द्यावा तसे दोन्ही तिच्या तोंडात घातले आणि ती गिळेपर्यंत तांब्या तिच्या ओठांशी धरून ठेवला. मग कोयता आपल्या उशाखाली सारला.

टोळीत एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. यंदा भागिरथीला तसंच म्हणतात.

मायबाप, प्रसादासाठी हात पुढं कराल, तेव्हा जालिंदराची आठवण ठेवा.