मागावरची बोली

"ती लाल टोपीवाली नवऱ्याला दुसऱ्या खोलीत झोपवते म्हणे. घोरतो," आई खिडकीतून खालच्या बसस्टॉपकडे बघत म्हणाली.

"आई, लोकांचं असं वाचू नये," मी म्हणाले. म्हणजे नुसते ओठ हलवले. तिच्याशी बोलताना मी आवाज वापरत नसे. स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात तागाच्या गिरणीत एकतीस वर्षं दोन माग सांभाळून तिचे कान गेले होते. त्या खडखडाटात सगळ्याच विणकरणी ओठांवरून बोलणं वाचत, आणि समोरचीला वाचता यावं म्हणून शब्दागणिक तोंड मोठं उघडत.

"मग त्यांनी तोंड झाकून बोलावं!" आई ओरडली. हळू बोलणं तिला जमत नसे. "चहा ठेवू? तुझे बाबा असते तर एव्हाना दोनदा झाला असता."

बाबांना काम कधीच टिकलं नाही. बायको गिरणीत आणि नवरा घरी किटलीपाशी, असं आमच्या गल्लीत निम्म्या घरांत होतं. त्याची लाज मला वाटली नाही. लाज वाटली ती आईची, आणि तीही एकदाच.

मी बारा वर्षांची होते. मोठ्या शाळेत बक्षीससमारंभ होता. आई हॉलच्या पार टोकाला उभी राहून मला ओठांनी सांगत होती, 'केस मागे घे.' शेजारच्या मार्जरीनं विचारलं, "ती बाई कुणाला वेडावून दाखवतेय गं?"

"कुणास ठाऊक," मी म्हणाले. "माझी कुणी नाही ती."

मी अगदी हळू बोलले होते. पण तोंड आईकडे होतं. तिचे ओठ अर्ध्यावरच मिटले. घरी जाताना तिनं मला आइस्क्रीम घेऊन दिलं, आणि त्यावर एक शब्द काढला नाही. तिनं वाचलं होतं की नाही, हे विचारायचं मी चाळीस वर्षं पुढे ढकलत आले होते.

त्या शनिवारी, खिडकीपाशी, मी धीर केला. "आई, त्या बक्षीससमारंभात..." माझे ओठ हलले. पण ती किटलीकडे वळली होती. ती परत फिरली तेव्हा हातात संत्र्याच्या मार्मालेडची बरणी होती. "घेऊन जा. एडिनबरात मिळतं ते नुसतं साखरपाणी."

पाचच्या बसनं मी एडिनबराला परतले. बुधवारी सकाळी तिची मैत्रीण नेट्टा दार उघडून आत गेली, तेव्हा आई झोपेतच गेलेली होती.

अंत्यविधीच्या दिवशी चर्चच्या दाराशी नेट्टा भेटली. डोक्यावर हॅट. सूत काढणाऱ्या बायकांनी शाल घ्यावी, विणकरणीनं हॅट, हा त्यांचा जुना ताठा. ती तीस वर्षं आईच्या शेजारच्या मागावर होती. त्या बक्षीससमारंभात आईनं माझे ओठ वाचले होते का, हे मी तिलाच विचारलं.

"वाचलं तर!" नेट्टा म्हणाली. "दुसऱ्या दिवशी मागावर आल्या आल्या सांगितलं मला. मी म्हटलं, फेमी, दोन ठेवून दे कार्टीला. तर म्हणते, 'राहू दे गं. पोर गिरणीकडे पाठ करून उभी राहिली पाहिजे, हेच तर हवं होतं मला.' आणि मग पाळीभर रडली. माग नाही हो थांबवला. रडली नुसती."

नेट्टानं माझी कॉलर सारखी केली आणि आत गेली.

मी शिकवते त्या शाळेतले सहशिक्षक एडिनबराहून आले होते, ते पुढे बसले. मागच्या बाकावर सात म्हाताऱ्या विणकरणी, सात हॅट. मी पुढे जाऊन आईवरच्या भाषणाचा कागद काढला आणि वाचू लागले. चांगलं लिहिलं होतं. कष्ट, सचोटी, डंडीच्या स्त्रिया.

"काय म्हणतेय ती?" मागून एकीचा खडा आवाज आला.

"दिसत नाही ना!" नेट्टा ओरडली. "एल्स्पेथ, हनुवटी वर कर! कागदाला काय सांगतेस, आम्हाला सांग!"

पुढच्या रांगेत कुणीतरी दचकून मागे पाहिलं. कागदावर जे होतं ते या बायकांना सांगण्यासारखं नव्हतंच. मी तो घडी करून ठेवला. हनुवटी वर केली आणि आई उघडायची तसं तोंड मोठं उघडलं. एकेक शब्द ओठांवर नीट मांडला, आवाजासकट. माझे सहशिक्षक माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"बारा वर्षांची असताना मी म्हणाले होते, ही बाई माझी कुणी नाही. तिनं ते वाचलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा मागावर गेली, त्यानंतर आणखी बारा वर्षं जात राहिली, आणि मी शिकले."

सातही हॅट स्थिर होत्या.

"ही फेमी लॅमंड. तागाची विणकरीण. माझी आई. तिचे आभार मी कधी मानले नाहीत. आज मानते."