उर्दू तर उजवीकडूनच असते

मी काळा ठोकळा बोलतोय. सगळं होऊन गेल्यावर बोलतोय, हेच माझं दुखणं आहे. मनात राग आहे तो आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर तुम्ही बिचकायला नको.

मी लिनोचा, म्हणजे कोरून छापायच्या मऊ चादरीचा. जवसाचं तेल, बुचाचा भुगा आणि पाठीला तागाचं कापड, एवढ्यावर कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून मुंबईच्या दुकानात आणि दुकानातून कुरिअरने म्हसळ्याला आलो, तो एका मोठ्या गुंडाळीचा भाग म्हणून. काशिफाने त्या गुंडाळीचे कटरने चार सारखे तुकडे केले आणि एकेक तुकडा प्लायवूडवर चिकटवला. असे आम्ही चौघे सख्खे भाऊ झालो: पिवळा, तांबडा, निळा आणि मी. सगळ्यांत धाकटा मीच, कारण छापताना माझा नंबर शेवटी.

काशिफा बावीस वर्षांची. म्हसळ्याहून खाडीकडे उतरलं की सुपारीच्या वाडीत तिचं घर. तिचे अब्बा नजमुद्दीन सव्वीस वर्षं कुवेतला राहून आता कायमचे घरी आलेत, आणि घरात रिकामा बसलेला माणूस जसा सगळ्यात लक्ष घालतो तसे ते घालतात. अलिबागच्या आठ दिवसांच्या शिबिरात काशिफा हे छापकाम शिकली आणि तिने हट्ट धरला की मुंबईला जाऊन दोन वर्षं हेच शिकायचं. अब्बांचं म्हणणं, बी.एड. कर, जवळच्या शाळेत लाग, डोळ्यांसमोर राहा.

एवढ्यात तिच्या भावाचं, अझहरचं, लग्न ठरलं. श्रीवर्धनची मुलगी, जुवेरिया नाव. काशिफा म्हणाली, घरच्या माणसांच्या पत्रिका मी हाताने छापीन, चार रंगांत. अब्बांनी जरा विचार केला आणि अट घातली.

"साठ पत्रिका नऊ तारखेपर्यंत तयार पाहिजेत. दहाला तुझा मामू कुवेतला परत जाईल, तिकडच्या लोकांच्या तोच घेऊन जाईल. जमलं तर मुंबईला जा. न्हाय जमलं तर माणगावच्या छापखान्यात टाकू आणि तू बी.एड.चा फॉर्म भरायचा."

"कबूल," काशिफा म्हणाली. फॉर्म तिच्या अम्मीने, फरिदाबींनी, फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवला.

आता तुम्हाला वाटेल, पोरगी लगेच कोरायला बसली असेल. कसलं काय. तीन आठवडे नुसता बेत चालला होता. आमच्या कामात प्रत्येक रंगाला वेगळा ठोकळा लागतो, आणि जे छापायचं नाही तेवढं कोरून काढायचं असतं. आधी फिका रंग, मग गडद. तिच्या पहिल्या बेतात सहा ठोकळे होते आणि लिनो होता चौघांपुरता. मग तिला सुचलं की पिवळ्यावर निळा बसला की सुपारीची झाडं आपोआप हिरवी होतील. चांगली गोष्ट. पण पिवळ्यावर तांबडा बसला तर होडी नारिंगी होते, म्हणून होडीपुरता पिवळा कोरून काढायला हवा, हे तिला चार दिवसांनी आठवलं. दर वेळी बेत बदलला की खोडरबर आमच्या अंगावरून फिरायचा. पिवळा बिचारा गप्प बसायचा. मी मनातल्या मनात चडफडायचो.

शेवटी एका पातळ ट्रेसिंगच्या कागदावर सगळं चित्र उतरलं: खाडी, झाडं, शिडाची होडी आणि खाली मराठीत 'अझहर आणि जुवेरिया'. तो कागद पालथा घालून तिने चित्र आम्हा चौघांवर उमटवलं. पालथा का, तर ठोकळ्यावर जे उलटं असतं तेच कागदावर सुलटं येतं. एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवा, माझी सगळी कहाणी तिच्यावरच उभी आहे.

रेषा आणि अक्षरं काळ्यात, म्हणून ती माझ्या वाट्याला. मी जवळजवळ कोरून झाल्यावर तिने माझा एक नमुना छापून पाहिला. झकास आला, त्याचा फोटो श्रीवर्धनला गेला. त्याच दिवशी संध्याकाळी श्रीवर्धनहून फोन आला. मुलीकडच्यांनी विचारलं, नावं उर्दूत नाहीत का? त्यांच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना मराठी वाचता येत नव्हतं.

मराठी ओळीच्या वरची माझी थोडी जागा कोरून काढायची अजून बाकी होती. काशिफाने पेन्सिल घेतली आणि तिथे उर्दूत नावं लिहायला लागली. सरळ, नेहमीसारखी, उजवीकडून डावीकडे.

"मराठीगत उलटं न्हाय लिहायचं?" फरिदाबींनी भाजी निवडता निवडता विचारलं.

"मराठी डावीकडून असते अम्मी, म्हणून ती उजवीकडून कोरायची," काशिफा म्हणाली. "उर्दू तर उजवीकडूनच असते. तिला आणखी काय उलटं करायचं?"

"व्हय की," फरिदाबी म्हणाल्या.

मला घाम फुटला असता, पण मी लिनोचा. अगं पोरी, उलटं म्हणजे कुठून सुरू करायचं ते नव्हे. उलटं म्हणजे अक्षराचं तोंडच फिरवायचं असतं. तीन आठवडे ज्या पोरीने पिवळ्या-निळ्याचा एवढा काथ्याकूट केला, तिला ही साधी गोष्ट दिसू नये? थकली होती, दुसरं काय. तिने दोन दिवस ती ओळ कोरली. अक्षराचा एकेक नुक्ता, एकेक ठिपका, असा जपून ठेवला की मला रडू यावं. एवढं सुंदर काम आणि सगळं चुकीचं.

मग अब्बा आले. त्यांनी मला उचललं, चष्मा कपाळावर नेला आणि मोठ्याने वाचलं, "अझहर, जुवेरिया. माशाअल्लाह. बघ गो, कसं साफ वाचता येतंय. खालचं मराठी मात्र काही कळत न्हाय."

"ते कागदावर सुलटं येईल, अब्बा."

मी तडफडत होतो. खालचं सुलटं येणार असेल तर वरचं काय होणार, हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात येऊ नये? अहो, ज्या अर्थी तुम्हाला वाचता येतंय, त्या अर्थी ते चुकलंय. पण मला उचललेले हात माझं कशाला ऐकतात. अब्बांनी मला शेजारच्या सगुणाकाकूंनाही नेऊन दाखवलं. त्यांना उर्दू येत नाही, पण त्या म्हणाल्या, लई छान झालंय.

छपाई सुरू झाली. एका फळीवर काशिफाने दोन पट्ट्या काटकोनात ठोकल्या होत्या, त्या कोपऱ्यात ठोकळा आणि कागद बसवायचा म्हणजे चारही रंग एकमेकांवर बरोबर बसतात. रोलरने शाई लावायची, कागद ठेवायचा आणि घासून गुळगुळीत केलेल्या करवंटीने पाठीवरून दाबायचं. पासष्ट कागद घेतले, पाच वाया जातील असं धरून. पिवळा झाला. खाडीकाठच्या दमट हवेत तो वाळायला तीन दिवस लागले. मग तांबडा, मग निळा. पडवीत दोरीला चिमटे लावून पासष्ट कागद लटकत होते आणि फरिदाबी शाईच्या वासाने वैतागल्या होत्या. निळा वाळायला आठ तारीख उजाडली.

नऊ तारखेच्या सकाळी माझी पाळी आली. काशिफाने मला शाई लावली, कागद ठेवला, करवंटी फिरवली आणि एका टोकाने कागद हळूच उचलला. होडी होडीवर बसली होती, झाडं झाडांवर. केसाएवढाही रंग सरकला नव्हता. ती हसली. मग तिची नजर उर्दू ओळीवर गेली आणि तिने कागद तसाच अब्बांपुढे धरला.

अब्बांनी कागद हातात घेतला. वाचायचा प्रयत्न केला. मग खिडकीशी जाऊन उजेडावर धरला आणि मागच्या बाजूने पाहिलं.

"मागून बरोबर हाय," ते म्हणाले.

कोणी हसलं नाही. नवा लिनो नव्हता, असता तरी कोरायला वेळ नव्हता. काशिफा उठली, फ्रिजवरचा फॉर्म काढून अब्बांसमोर ठेवला आणि म्हणाली, "छापखान्यात टाका." तिचा आवाज अगदी साधा होता, म्हणूनच मला जास्त लागलं.

अब्बांनी वाकून माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "ही ओळ काढून टाकता येईल?"

तेवढं येतं. काशिफाने सर्वांत रुंद कोरणी घेतली आणि दोन दिवसांचं ते नाजूक काम दहा मिनिटांत खरवडून काढलं. दुखलं का म्हणून विचारू नका. दुखलंच. मग राहिलेले चौसष्ट कागद छापले, ओळीची जागा कोरी ठेवून. काळी शाई ओलीच होती, पण त्या कोऱ्या पट्टीला ती लागत नव्हती. अब्बांनी बारीक टोकाचं पेन घेतलं, मनगट लागू नये म्हणून हाताखाली फूटपट्टी धरली आणि एकेका पत्रिकेवर उर्दूत नावं लिहायला लागले. फोन परवडत नव्हता तेव्हा कुवेतहून दर आठवड्याला पत्र लिहिणारा हात तो. दुपारचं जेवण त्यांनी घेतलं नाही. दोनदा बोटं आखडली तेव्हा फरिदाबींनी तेल चोळून दिलं. दुपार कलल्यावर असरची अजान झाली तोवर साठ झाल्या. दुसऱ्या दिवशी मामू शाई ओली म्हणून कुरकुरत, मध्ये पातळ कागद घालून, आपल्या वाट्याच्या घेऊन गेले.

ते गेल्यावर काशिफा पेन घेऊन फॉर्म भरायला बसली. शर्त आपण हरलो, असं तिच्या मनाने घेतलं होतं. अब्बांनी फॉर्म तिच्या हातातून काढून घेतला.

"तू चुकलीस. मी वाचून बरोबर हाय म्हटलं, तुझी अम्मी व्हय म्हणाली, सगुणाबाई छान म्हणाल्या," ते म्हणाले. "या घरात तुझ्या कामातली चूक कोणाला दिसत न्हाय, पोरी. जिथं दिसेल तिथं जा."

जुलैत ती मुंबईला गेली. जाताना कोरण्या नेल्या, रोलर नेला, पाच उरलेले छाप नेले. आम्ही चौघे मागे राहिलो. भावांना ट्रंकेत जागा मिळाली. मला फरिदाबींनी स्वयंपाकघरात घेतलं आणि तेव्हापासून मी ओट्यावर पालथा पडून गरम किटली पाठीवर वागवतोय. एवढं सोसून हे पद मिळालं.

दर रविवारी तिचा फोन येतो. अब्बा बाकी काही न विचारता आधी विचारतात, "या हप्त्यात चुका किती निघाल्या?"

"सात, अब्बा."

"सात निघाल्या," ते फरिदाबींना सांगतात आणि खुशीत चहा ओतून घेतात.

काशिफा, आठवी मी सांगतो. तुझ्या होडीला तू सुकाणूच कोरलेलं नाहीस. साठ घरांत पत्रिका गेल्या, दर्यावर हयात घालवलेल्या माणसांनी पाहिल्या, एकानेही ते पाहिलं नाही. रागावू नकोस. घरी आलीस की ही किटली बाजूला कर, मला सुलटा कर आणि बघ. होडीमागची काळी सावली अजून सपाट आहे, सुकाणू तिच्यातूनच निघेल. ओट्याच्या खणात जुनी कोरणी एक राहिली आहे.